मामंजींचा डोस

६ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज काय खाल्लं, किती खाल्लं, ते लिहून ठेवा. म्हणून कपाटातली कोरी डायरी काढली. सुरुवात कालपासूनच करायला हवी.

काल मामंजींची पाठ घासत होते आणि माझा अंगठा पाठीत रुतला. जोर बिलकुल लावला नव्हता. ओला पुठ्ठा दबावा तशी पाठ दबली आणि अंगठा काढल्यावर हळूहळू वर आली. ब्रश टबात टाकून मी यांना हाक मारली. यांनीही एका बोटाने दाबून बघितलं. मग दोघंही बाथरूमच्या ओल्या फरशीवर तसेच बसून राहिलो. कासवाची पाठ मऊ झाल्यावर उरलं काय?

(मामंजी म्हणजे आमचं कासव. खरे सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. मूल होण्याची आशा आम्ही सोडून दिली त्या वर्षी यांनी हे पिल्लू औषधांच्या रिकाम्या खोक्यातून घरी आणलं. जमिनीवर ठेवलं, तर त्याने मान ताणून माझ्या स्वयंपाकघराकडे असं काही नाक मुरडून बघितलं, की माझ्या तोंडून निघून गेलं, "आले मामंजी, तपासणीला." नाव चिकटलं ते चिकटलंच. डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं तेव्हा हा सगळा खुलासा करावा लागला. हसल्या बिचाऱ्या.)

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. आम्हाला मुलगी असती तर एवढीच असती. त्यांनी मामंजींचा जबडा चिमटीत धरून हलवला, तर तो रबरासारखा वाकला. म्हणाल्या, "कॅल्शियम संपलंय. खाण्यातून मिळालं नाही की शरीर हाडांतून ओढून घेतं, कवचातून ओढून घेतं."

"म्हणजे स्वतःलाच खातंय म्हणा," हे म्हणाले.

मी म्हटलं, "पण आम्ही रोज उन्हात ठेवतो. खिडकीतल्या फळीवर."

"खिडकीची काच लावलेली असते?"

"असते. पडेल म्हणून."

"काचेतून ऊब आत येते हो. पण त्याला जे किरण लागतात, ते काचेपाशीच अडतात."

इतकी वर्षं आम्ही त्याला नुसती ऊब दाखवली. आणि वर लाडाने बिनहाडाचं मांस. त्यानेही नुकसानच झालं म्हणे.

आता असं ठरलंय: कॅल्शियमचं पातळ औषध दिवसातून एकदा. ड जीवनसत्त्वाचे थेंब आठवड्यातून एकदाच, तेही दोनच. टबात समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या हाडाचा, तुकडा, हवा तेव्हा कुरतडायला. आणि गच्चीवर नेऊन खरं ऊन. थेंबांबद्दल दोनदा बजावलं. "ते जास्त झाले तर कमीपेक्षा वाईट. हाडात जायचं ते मूत्रपिंडात जाऊन बसतं."

यांनी चिठ्ठी एकदाच वाचली आणि खिशात ठेवली. औषधाच्या दुकानात उभं राहून यांचं आयुष्य गेलंय. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांना लागत नाही तेव्हा यांच्याकडे पाठवतात. मामंजींची टोपली उचलत म्हणाले, "खाणं तुझ्याकडे, डोस माझ्याकडे." मला इतकं हायसं वाटलं, की रस्त्यात रडायला आलं.


९ ऑक्टोबर

खाल्लं: पालकाची दोन पानं, भोपळ्याचा कीस. अंड्याच्या टरफलाची पूड वरून भुरभुरली होती, तेवढी झटकून टाकली.

यांनी औषधं ठेवायला एक फळी रिकामी केली आहे. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात. त्या भरात माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही चिकटवल्या: मीठ. साखर. चहा. मी म्हटलं, "अहो, मला काय मिठाची ओळख करून देताय?" म्हणाले, "असू दे. शिस्त बरी." मला हे आवडतं यांचं. माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांना घरातला चमचा कुठे असतो ते माहीत नाही.


१५ ऑक्टोबर

सुधारणा आहे! मान बाहेर काढून बसतो. समुद्रफेसावर दातओठ खातो (दात नाहीत, पण आव तोच). मी पडद्यांच्या कारखान्यात सकाळी जाते ती दुपारी येते, हे दुपारी दुकानात जातात. म्हणजे सकाळभर मामंजी यांच्या ताब्यात. आल्यावर मी विचारते, "डोस?" आणि हे तळहात वर करून सांगतात, "झाला." तेवढं ऐकलं की मला जेवण जातं.

यांनी आज परत बटाटे आणले. काल आणलेले पिशवीतच आहेत. दुकानात फार काम असतं, डोकं कामात असतं.


१९ ऑक्टोबर

वन्सं आल्या. यांची धाकटी बहीण. त्यांच्या घराला रंग काढलाय, आठवडाभर राहतील. आल्या आल्या नाकाला पदर. "वहिनी, अजून आहे का गं हे बेणं? सगळ्या घराला वास मारतोय."  त्यांना प्राण्यांचा पहिल्यापासून तिटकारा. त्यांना वाटतं, दादाने भाच्याभाचीवर करायची माया कासवावर उधळली.

खाल्लं: फारसं नाही.


२१ ऑक्टोबर

मामंजी काही खात नाहीत. पालक नको, भोपळा नको, आवडती जास्वंदीची पानंसुद्धा नकोत. पाय सुजल्यासारखे दिसतात. पाण्यात सोडलं तर एका बाजूला कलतात.

हे म्हणाले, "औषध अंगाला लागायला वेळ लागतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "डोस वाढवू का?" मी म्हटलं, अजिबात नाही. "बरं बरं," म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

मी कारखान्यात आज एका पडद्याची झालर उलटी शिवली. मुकादमबाई रागावण्याऐवजी उसवताना शेजारी येऊन बसल्या. त्याने जास्त वाईट वाटलं.


२३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. कासवाची शीर सापडायला किती वेळ लागतो! मी डोळे मिटून बसले होते. अहवाल बघून त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते बघणं मला आवडलं नाही.

"कॅल्शियम अतोनात वाढलंय. एवढं सांगितलेल्या औषधाने वाढत नाही. घरी डोस कोण देतं?"

"आमचे हे. औषधांच्याच दुकानात आहेत. जन्म गेला त्यात."

"थेंब आठवड्यातून एकदाच देतात ना?"

मला राग आला. म्हटलं, "बाई, तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून ते लोकांना थेंब मोजून देतायत."

त्यांनी अहवालाची घडी घातली. मग शांतपणे म्हणाल्या, "आता सगळंच बंद. कॅल्शियम नाही, थेंब नाहीत, समुद्रफेसही काढून टाका. रोज कोमट पाण्यात बसवा. मूत्रपिंडं किती बिघडलीत ते आत्ता सांगता येणार नाही."

हे शेजारीच उभे होते. मान हलवत होते. रस्त्यात मला म्हणाले, "बाई तरुण आहे. शिकेल."

घरी येऊन मी समुद्रफेस कचऱ्यात टाकला. बाटल्या तशाच राहू दिल्या. यांच्या फळीला हात लावणं बरं दिसलं नसतं.


२५ ऑक्टोबर

आणखी वाईट. डोळे उघडत नाहीत. नाकाशी पांढरं काहीतरी धरलंय. सगळं बंद केल्यावरही कसं?

एक विचार डोक्यात आलाय, तो लिहायचीही लाज वाटते. पण लिहिते. सकाळी मी नसते. हे आंघोळीला जातात, पेपर घ्यायला खाली उतरतात. तेव्हा घरात कोण असतं? मामंजी आजारी पडले ते कधी? वन्सं आल्या तेव्हा.

संध्याकाळी यांच्या औषधाच्या दुकानावरून आले. छोटे मालक गल्ल्यावर होते. यांना नोकरीवर घेतलं ते त्यांच्या वडिलांनी, त्यामुळे यांना काका म्हणतात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकू, काकांना थोडी विश्रांती का नाही घ्यायला लावत? दमतात हल्ली." मी म्हटलं, "का, काही चुकलं का त्यांचं?" तर घाईघाईने, "नाही नाही, तसं नाही." समजलं मला. म्हातारा माणूस पगाराला जड झाला. वडील गेले, आता मुलाहिजा कशाला ठेवायचा?


२६ ऑक्टोबर

आज मी वन्संना बोलले. नको ते बोलले.

भांडी लावता लावता त्यांनीच विषय काढला. "वहिनी, दादाचं सकाळचं काहीतरी..."

मी एकदम फिरले. "दादाचं काय? तुम्ही सांगा, सकाळी मी नसताना त्या मुक्या जिवाला काय घालता ते!"

"मी?" त्यांच्या हातात ताट होतं, ते त्यांनी अलगद खाली ठेवलं. "मी विष घालते असं म्हणायचंय तुला?"

"विष नाही म्हटलं. पण तुम्ही आल्यापासूनच..."

"वहिनी, मला ते कासव आवडत नाही. पण माझ्या भावाचं आहे ना ते." डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "तू दादाकडे जरा नीट बघ गं. कासवाकडे बघतेस तेवढं तरी."

आता हा टोमणाच की नाही? तीस वर्षांवर संसार केला मी यांच्याबरोबर, आणि ही मला सांगणार, नवऱ्याकडे बघ म्हणून! मी म्हटलं, "तुमच्या घराचा रंग वाळला असेल एव्हाना."

त्या दुपारीच गेल्या. हे दुकानातून आल्यावर विचारू लागले, "ही कुठे गेली?" मी सांगितलं, घरी गेल्या. जेवताना परत विचारलं, "ही जेवायला का नाही आली?" मला वाटलं, मुद्दाम मला टोचतायत.


२८ ऑक्टोबर

वन्संना जाऊन दोन दिवस झाले. मामंजी तसेच. उलट कालच्यापेक्षा थंड लागतात. मग?

मग कोण?


२९ ऑक्टोबर

लिहायला बसले आहे. 

कारखान्यात वीज गेली, मुकादमबाईंनी लवकर सोडलं. मी किल्लीने दार उघडलं. बाथरूममधून यांचा आवाज येत होता, मामंजींशी बोलत होते. "आ करा बघू. शहाणे ना तुम्ही?" मी चपला काढून दाराशी उभी राहिले.

काय सुंदर काम करतात हे! चष्मा कपाळावरून खाली ओढला, नळी उजेडात धरून रेघ बघितली, जबडा दोन बोटांनी असा उघडला की त्याला कळलंही नसेल. कॅल्शियम दिलं. मग थेंबांची बाटली. एक. दोन. नळी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. हात कोरडे केले.

 सगळं बंद करायला सांगितलं होतं ना? हे विसरले कसे? आणि आज थेंबांचा वार कुठे आहे? मी बोलणार तेवढ्यात हे बाहेर आले. मला बघून हसले. "अरे, आलीस? चहा ठेव." खिडकीशी गेले. खाली कोण चाललंय ते बघितलं. पडदा सारखा केला. मग वळले आणि कपाळावर हात मारून म्हणाले,

"अरेच्चा! मामंजींचा डोस राहिलाच की."

आणि गेले आत. चष्मा खाली. नळी उजेडात. रेघ. "आ करा बघू. शहाणे ना तुम्ही?"

मी ओरडायला हवं होतं. धावून हात धरायला हवा होता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. एक. दोन. अगदी तेच, तसंच, तेवढ्याच मायेने. मी नसते त्या सकाळी हे किती वेळा होत असेल?

नळी धुवून बाहेर आले आणि तळहात वर करून म्हणाले, "झाला."

मी चहा केला. चहाच्या डब्यावर 'चहा' लिहिलेलं होतं. ते मी माझ्यासाठी समजत होते.

चहा पिऊन हे शर्ट बदलून दुकानात गेले. आणि मी जाऊ दिलं. काय सांगणार होते? कुठल्या शब्दांत? जिना उतरताना पाठमोरे बघत राहिले आणि मनात एकच घोकत होते, उद्या बोलू, उद्या बोलू. ते दुकानात जातायत, तिथे कासवं येत नाहीत, माणसं येतात, हे मला कळत होतं. कळत असूनही जाऊ दिलं.

फळीमागे हात घातला. थेंबांच्या करंगळीएवढ्या रिकाम्या बाटल्या नीट ओळीने लावून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर चिठ्ठी.


३० ऑक्टोबर

आजही बोलले नाही. कारखान्यात गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून कळवलं. बाटल्या लपवल्या. हे सकाळभर फळीपाशी येऊन जात होते. "इथे काहीतरी होतं." "काय?" "...नाही, काही नाही."

दुपारी हे गेल्यावर मीही मागोमाग गेले. दुकानासमोर बसथांब्याच्या बाकावर बसून राहिले. बस येत होत्या, जात होत्या, मी काही उठेना. गिऱ्हाइकं यांच्याशी हसून बोलतात. एका बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं. यांनी तिला बाटली दिली, बोटांनी मोजून काहीतरी समजावलं. ती मान डोलावत निघून गेली. मी तिच्यामागे धावले. धावताना माझी चप्पल तुटली. "दाखवा, काय दिलं?" ती घाबरली, मूल छातीशी धरलं. बाटली सर्दीची होती, चिठ्ठीप्रमाणेच. मी माफी मागितली. तिने मला वेडी समजलं असणार. अनवाणी एक पाय घेऊन मी रस्त्याच्या मधे उभी.

हे असं किती जणांच्या मागे धावणार?


३१ ऑक्टोबर

आज बोलले.

सकाळी समोर बसवलं. म्हटलं, "अहो, मामंजींना डोस तुम्ही एकदा देत नव्हता. पुन्हा पुन्हा देत होता. मी डोळ्यांनी बघितलं."

हे चिडले. इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "मी? तुझंच काहीतरी चुकतंय. इतकी वर्षं माझ्या हातून एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. लोक माझ्यावर विश्वास टाकून औषध घेतात, आणि तू..."

मी रिकाम्या बाटल्या आणून समोर मांडल्या.

हे एक एक उचलून बघायला लागले. उजेडात धरली, खाली ठेवली. दुसरी. तिसरी. अक्षर स्वतःचंच होतं, ते नाकारणार कसं? गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं तेव्हा हे असंच करतात. आधी बाटली बघतात, मग हिशेब मांडतात, मग बोलतात. एक बाटली किती दिवस पुरायला हवी, ती किती दिवसांत संपली. ओठ हलत होते. मला वाटत होतं, देवा, यांचा हिशेब चुकू दे.

नाही चुकला.

"म्हणजे मी मारलं त्याला," हे म्हणाले.

"अजून आहे तो."

यांनी ऐकलं नाही.  हातातली बाटली खाली ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, "काल दुकानात कोण कोण आलं होतं?"

"मला कसं माहीत असणार?"

"मला आठवत नाहीये." मग अगदी हळू, "मला आठवत नाहीये गं. परवाचंही नाही."

मी यांचा हात धरला. तो थंडगार होता. हे उठले, शर्ट घातला, बटणं वरखाली लागली ती मी सारखी केली. "चल," म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. माझ्या लक्षात आहे तोवर."

छोट्या मालकांपुढे उभे राहून यांनीच सांगितलं. मला एक शब्द बोलू दिला नाही. "माझं डोकं दगा देतंय. मी दिलेलं सगळं परत तपास. सगळं." छोटे मालक खालच्या मानेने म्हणाले, "काका, एकदोनदा बिलात चूक दिसली होती. मला वाटलं, वयाने होतं. तुम्हाला बोलायची हिंमत झाली नाही." मी त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं!

शटर अर्धं ओढलं. छोटे मालक संगणकावर एकेक चिठ्ठी आणि बिल ताडून बघत होते, मी फोन लावत होते. "तुमच्याकडच्या पाकिटावरचं नाव जरा वाचून दाखवता?" हे स्टुलावर बसून होते, मांडीवर हात. एकेक घर बरोबर निघत होतं आणि प्रत्येक वेळी हे डोळे मिटून घेत होते.

मग शिकवणीच्या बाई. मागच्या गल्लीत एकट्या राहतात, मुलांना गणित शिकवतात. फोनवर त्यांनी नाव वाचलं आणि छोटे मालक ताडकन उठले. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीसाठीची गोळी हवी होती. नाव तसंच दिसणारं, पण दिली होती ती हृदयाचे ठोके मंद करणारी.

आम्ही तिघंही धावलो. बाईंनी भिंतीला धरून दार उघडलं. ओठ पांढरेफटक. म्हणाल्या, "दोन दिवस उभं राहिलं की गरगरतंय. मला वाटलं, झालं आपलं वय." छोट्या मालकांनी गोळ्या काढून घेतल्या, गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, दोन दिवस देखरेखीखाली ठेवू, बऱ्या होतील.

हे त्यांच्या खाटेशी हात जोडून उभे होते. "बाई, चूक माझी. गोळी मी दिली."

त्या म्हणाल्या, "अहो, असू द्या. तुम्ही आलात ना धावत."

कधी नेल्या होत्या गोळ्या, ते मी छोट्या मालकांना विचारलं. परवा. एकोणतीस तारखेला, संध्याकाळी. मी यांना जिना उतरताना पाठमोरे बघत होते, त्यानंतर.

ही चूक यांची नाही. हे कुणालाही सांगितलेलं नाही. इथेच लिहिते.


२ नोव्हेंबर

मामंजी गेले. सकाळी कोमट पाण्यात बसवायला उचलले तेव्हाच कळलं. मान बाहेर होती, आत ओढलेली नव्हती.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. घरी काय घडत होतं ते सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काकू, तुमचा दोष नाही." आहे. त्यांनी विचारलं होतं, डोस कोण देतं. मी त्यांच्या वयावर गेले.

इमारतीच्या मागच्या अंगणात, भिंतीकडेला पुरलं. खड्डा यांनीच खणला, कुणाला हात लावू दिला नाही. माती लोटून झाल्यावर फावड्यावर रेलून रडले. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मला रडू आलं नाही. मी यांच्याकडेच बघत होते. खरंच, किती दिवसांनी नीट बघत होते. शर्टाची कॉलर मोठी झाली आहे यांना. दाढीचा एक पट्टा राहून गेलेला.

वर घरात आलो. हातपाय धुतले. हे बाथरूमच्या दारात थबकले, रिकामा टब बघितला आणि मला म्हणाले, "मामंजी कुठेयत?"

नखांत अजून माती होती यांच्या.

मी सांगितलं. काय करणार? आणि हे पुन्हा पहिल्यापासून रडले.


३ नोव्हेंबर

सकाळी विचारलं. दुपारी विचारलं. दुपारी मी ओरडले. "गेला तो! मेला! किती वेळा सांगू?" यांनी दचकून हात वर केला, मार चुकवावा तसा.

मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि नळ सोडून बसले. मला हे जमणार नाही. एकटीला नाही जमणार. पडदे शिवायला गेले तर हे घरी एकटे, न गेले तर घर कसं चालायचं? आणि ओरडण्याचं हे आजचं पहिलं. याच्या पुढे काय?

संध्याकाळी वन्संना फोन लावला. घंटा वाजत होती तोवर काय म्हणायचं ते ठरवत होते. "वन्सं, मी..." एवढंच बोलता आलं. पुढचं सगळं रडण्यात गेलं.

वन्संनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "कधी येऊ?"

"मी तुम्हाला काय काय बोलले..."

"बोललीस. मला लागलंय ते, खोटं नाही सांगत. कधीतरी भांडू आपण नीट बसून. आता कधी येऊ ते सांग."


५ नोव्हेंबर

वन्सं आल्या. या खेपेला मोठी बॅग घेऊन. दारातच मला जवळ घेतलं, कोरड्या डोळ्यांनी. मग आत जाऊन थेट यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या, लहान असताना बसत असतील तशा. "दादा, दाढी कशी केलीयस रे? एका गालाची सुट्टी का?" हे हसले. कित्येक दिवसांनी हसले.

डोक्याच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. छोट्या मालकांनी ओळख काढली. त्यांनी यांचा दुकानातला पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून पाठवला. यांनी तो घडी न मोडता मांडीवर ठेवला आणि हात फिरवत राहिले. शिकवणीच्या बाई दवाखान्यातून आपल्या घरी आल्या. त्यांनी मुलांना सुट्टी दिली नाही, पडल्या पडल्या पाढे घेतात म्हणे.

दुपारी आम्ही तिघं बसलो होतो. वन्सं शेंगा सोलत होत्या. हे एकाएकी उठले, बाथरूमपर्यंत गेले, आत बघितलं. मी वन्संकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. टब मी काल काढून ठेवला होता; फरशीवर त्याचा गोल पांढरा ठसा तेवढा राहिला आहे. आता विचारणार. मी शब्द जुळवत होते, या वेळी तरी हळू सांगायचं, हात धरून सांगायचं.

हे वळले. आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी उमगलं असावं. भिंतीला हात लावून उभे राहिले.

"नका सांगू," म्हणाले. "आत्ता माहितीय मला."

मग येऊन माझ्याशेजारी बसले. वन्संच्या पुढ्यातली एक शेंग उचलली, सोलली, दाणे माझ्या हातावर ठेवले.

"पण उद्या मी परत विचारीन," हे म्हणाले. "तेव्हा रागावू नकोस."